बारा ते चोवीस

चार वाजून सात मिनिटांनी मी एंटर दाबलं आणि सोनपेठ गेलं. गाव जागेवरच असणार. त्याची गोदावरी, स्टँडवरची एसटी, सगळं असणार. माझ्यापुरतं गेलं. पडद्यावर कर्सर लुकलुकत होता, पण तो नुसता शिष्टाचार म्हणून. मी एक अक्षर दाबलं, उमटलं नाही. एखादा ओ देत नसला की आपण त्याला त्याच नावानं जरा मोठ्यानं हाक मारतो, तसं तेच अक्षर जोरात दाबलं. शेवटच्या दोन ओळी तशाच उभ्या होत्या. इंटरफेस रेंज, बारा ते चोवीस. खाली, शटडाऊन. मी तो चोवीस वाचला, पुन्हा वाचला. मग मी ती खिडकी बंद करून पुन्हा उघडली, कारण आमच्या धंद्यातलं अर्धं ज्ञान एवढंच आहे. नवी खिडकी कोरी होती. जुन्या खिडकीबरोबर वरच्या सगळ्या ओळी गेल्या, म्हणजे त्याआधी मी काय काय टाइप केलं होतं त्याचा पुरावाच गेला. ही चूक दुसरी. पण ती दुसरी आहे हे कळायला मला आणखी पाच मिनिटं लागणार होती.

मी परभणीत वसमत रोडला एका कृषी सेवा केंद्राच्या वरच्या मजल्यावर बसतो. खालून औषधांचा वास येतो, त्यामुळे आमच्याकडे डास नाहीत, आणि दुपारनंतर विचारही फारसे उरत नाहीत. साठ किलोमीटरवर सोनपेठला एका कार्यालयाचा हॉल आहे, हॉलमध्ये लोखंडी कपाट, कपाटात चपटा डबा, आणि त्या डब्याला चोवीस पोर्ट. पोर्ट म्हणजे वायर खोचायचं भोक. त्याला स्विच म्हणतात, पण गावाकडं स्विच म्हटलं की लोक भिंतीवरचं बटण बघतात, म्हणून मी डबाच म्हणतो. एकेका पोर्टाला वेगळं सांगत बसायला नको म्हणून रेंज नावाची सोय असते. एकदा रेंज म्हटलं की पुढचं वाक्य त्यातल्या सगळ्यांना एकदम लागू. सगळे चालू, सगळे बंद, सगळे अमक्या गटात. कोण कुठला, कोण काय करत होता, हे विचारायचं कारण राहत नाही. रिकामे पोर्ट बंद ठेवावेत असं पत्र आलं होतं, कारण उघड्या भोकात कुणीही काहीही खोचतं. रिकामे होते बारा ते तेवीस. चोवीसमध्ये ती लांबची वायर होती जिच्यातून सोनपेठ परभणीला आणि पुढं जगाला जोडलेलं होतं, आणि जिच्यातून मी त्या डब्याशी बोलत होतो. म्हणजे मी त्याला त्याच्याच तोंडानं सांगितलं, की तोंड बंद कर. त्यानं केलं. माझं इतक्या तत्परतेनं आजवर कुणी ऐकलेलं नाही.

फोन वाजला. सुकेशनी. हॉलमधली सात टेबलं तिच्या ताब्यात असतात.

"ओ सर, बंद पडलं का बंद केलं?"

"पडलं," मी म्हणालो. "वरून."

"वरून म्हंजे कुठून?"

"वरून म्हणजे वरूनच."

"बरं. इथं अजून अकरा जण हायेत. एका बाबाचा अंगठा मशीनवरच हाय, उचलू का ठिवू विचारायलेत."

"उचला म्हणावं. वीस मिनिटांत येतंय."

"पाचला बंद करायचंय मला. आज तीस तारीख हाय, सर. शेवटची."

मला ठाऊक होतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी तिथं हयातीच्या दाखल्याचं शिबिर होतं. पेन्शनवाला माणूस येतो, खुर्चीत बसतो, चष्मा पुसतो, घरून आणलेलं पाणी पितो. एवढ्यावरून तो जिवंत आहे असं तुम्ही-मी म्हणू, पण तेवढ्यानं भागत नाही. त्यानं बोट ठेवायचं, मशीननं त्या वायरमधून वर विचारायचं, वरून होकार यायचा. मग तो जिवंत. तीस तारखेला पाच वाजेपर्यंत होकार आला नाही तर तो मेला असं कुणी म्हणत नाही, पण पुढं वागतात तसंच. माझ्या एका एंटरनं अकरा माणसं मधल्यामध्ये उभी होती. मला फार वाईट वाटायला हवं होतं. मला आधी भूक लागली. मग वाईट वाटलं.

वीस मिनिटं हे तोंडातून का आलं ते सांगायला हवं. नागनाथदादांनी मला हे काम शिकवलं. ते आता लातूरला असतात. त्यांचा एक नियम होता. दूरच्या डब्याला हात लावायच्या आधी त्याला सांगून ठेवायचं, की वीस मिनिटांनी तू आपोआप बंद होऊन चालू हो. चालू होताना त्याला फक्त पक्कं लिहून ठेवलेलं आठवतं, आत्ता तोंडी सांगितलेलं तो विसरतो. म्हणजे आपण माती खाल्ली तरी वीस मिनिटांत डबा शुद्धीवर येतो. नाही खाल्ली, तर वीस मिनिटांच्या आत ती आज्ञा आपण रद्द करायची. आता माणूस रद्द करायचं विसरतो. दादा स्वतः एकदा विसरले आणि चांगला चालू असलेला डबा एका मोठ्या साहेबांच्या भाषणात आपोआप आडवा झाला. तेव्हापासून त्यांनी चपलेची पद्धत काढली. आज्ञा टाकली की डावी चप्पल काढायची, रद्द केली की घालायची. "सिद्धोधन," ते म्हणायचे, "मन पलटी मारतं. पण एका पायात चप्पल घालून कुणी चहाला जात न्हाई." तीन वर्षं मी हेच करतो. आमच्या ऑफिसात कोण केव्हा काय उद्योग करतोय हे पायांकडं बघून कळतं. नवीन आलेल्यांना हा काहीतरी नवस वाटतो.

म्हणून मी टेबलाखाली वाकून पाहिलं. पाय दोन्ही अनवाणी होते.

हे मला अपेक्षित नव्हतं. एक अनवाणी असता तर मी चहाला गेलो असतो, एका पायानं का होईना. दोन्हीत चपला असत्या तर सरळ रडता आलं असतं. दोन्ही अनवाणी म्हणजे काय, हे नागनाथदादांनी शिकवलेलं नव्हतं. मग आठवलं. चारच्या आसपास केशरबाई फरशी पुसायला आल्या होत्या आणि दारातूनच ओरडल्या होत्या, चपला काढा रे. मी काढल्या असणार. पण दोन्ही तेव्हा काढल्या, का डावी आधीच निघालेली होती आणि तेव्हा फक्त उजवी काढली? मी डोळे मिटून पायाला विचारलं. पायाला गार फरशी आठवत होती, बाकी काही नाही. त्या दिवशी मी तीन ठिकाणचे डबे बघितले होते. राणीसावरगावच्या वेळी आज्ञा टाकली होती हे नक्की, कारण तेव्हा डाव्या तळव्याला गुटगुटीत मुंगळा चावला होता. सोनपेठच्या वेळी मुंगळा नव्हता. मुंगळा न चावलेली दुपार कुठं लक्षात राहते?

चपला पाहिल्या. उजवी कपाटाच्या पायाशी पालथी, डावी खिडकीखाली. डावी टेबलाजवळ असती तर ती टेबलाशी बसून काढली असं धरता आलं असतं.

"मावशी," मी विचारलं, "माझ्या चपला तुम्ही सरकवल्या का?"

केशरबाई पोछा पिळत होत्या. "मी कामून तुझ्या खेटराला हात लावू?"

"हात नाही हो. पोछ्यानं."

"पोछ्यानं ढकलल्या असतील. लय साधूसंताच्या हायेत का त्या, जागच्या हलवू न्हाई म्हणून?"

"डावी आधी कुठं होती?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग डाव्या चपलेकडं पाहिलं. मग शांतपणे विचारलं, "जेवलास का दुपारी?"

चार वाजून तेरा मिनिटं. मी खिशात हात घातला आणि तिथं एक किल्ली होती. तीच ती, सोनपेठच्या कपाटाची. यावर हसावं की नाही हे मी ठरवू शकलो नाही. साधा उपाय असा होता, की तिथल्या कुणीतरी डब्याची पिन काढून परत लावायची. तेवढ्यानंही तो शुद्धीवर येतो. पण लोक त्याच पिनेच्या जागी मोबाइल चार्जिंगला लावतात म्हणून दिवाळीनंतर मीच कपाटाला कुलूप घातलं होतं, एकच किल्ली ठेवली होती, आणि ती कुणालाच द्यायची नाही म्हणून माझ्याजवळ ठेवली होती. लाईट गेली असती तरी चाललं असतं. मराठवाड्यात लाईट जावी अशी मनापासून इच्छा धरणारा मी बहुधा पहिलाच माणूस असेन. पण तिथं बॅटरीही मीच बसवली होती, चार तासांची. त्या डब्याच्या रक्षणात मी कुठं म्हणून उणीव ठेवली नव्हती. किल्ली घेऊन निघावं तर साठ किलोमीटर, त्यात रस्त्याचं काम चालू. पाचच्या आत मी पाथरी रोडची धूळ खात मध्येच कुठंतरी पांढरा होऊन उभा राहिलो असतो, बस. कुलूप तोडा असं सांगता आलं असतं. पण मग वरून पडलेलं नाही हेही सांगावं लागलं असतं. वरून हा शब्द फार सोयीचा आहे. वर कुणीच नसतं, त्यामुळे कुणाचीच बदनामी होत नाही.

मी घड्याळाकडं बघत बसलो. खाली कुणीतरी हरभऱ्याच्या बियाण्याचा भाव विचारत होतं. चोवीस का टाइप केलं? बोटं आकड्यावर आकडा गोल करतात, चोवीस पोर्टाच्या डब्यात चोवीसवर थांबावंसं वाटतं, हे खरं. पण बारा ते चोवीस हे वाक्य माझ्या कानाला नवं नव्हतं. मी ते आधी ऐकलेलं होतं, झरीच्या शाळेत, चौथीत, सिताराम गुरुजींच्या आवाजात. गुरुजींचा आवाज खडूच्या भुकटीतून आल्यासारखा यायचा. गुरुजींना नावं लक्षात राहत नसत, म्हणून ते हजेरीच्या नंबरानं बोलायचे, आणि राग आला की एकेकाशी न बोलता थेट रेंज घ्यायचे. सात ते दहा, उभे रहा. एक ते पाच, पाणी भरा. आमच्या भीमनगरची पोरं एकाच दिवशी शाळेत घातलेली, त्यामुळे हजेरीत आम्ही ओळीनं होतो, अठरा ते चोवीस. शेवटचा मी. त्यामुळे रेंज मागच्या बाजूनं घेतली की आमची अख्खी गल्लीच एकदम यायची. गुरुजींच्या मनात तसं काही नसणार असं मला वाटतं. कुणाच्या मनात काय होतं हे नुसत्या वाटण्यावर सोडू नये असंही वाटतं. रेंजला मात्र खरंच काही माहीत नसतं. ती दोन आकडे बघते आणि मधल्या सगळ्यांना उचलते.

तर एका दुपारी वर्गात शिट्टी वाजली. गुरुजी फळ्याकडं तोंड करून भागाकार लिहीत होते. न वळता म्हणाले, बारा ते चोवीस, बाहेर. आम्ही तेरा जण बाहेर जाऊन लिंबाखाली ओळीनं उभे राहिलो. बाकीच्यांचा भागाकार पूर्ण झाला. मग कविता झाली. मग घंटा झाली, पोरं घरी गेली, गुरुजींनी वर्गाला कुलूप लावलं आणि सायकलवर बसून गेले. आम्ही उभेच. बाहेर असं सांगितलं होतं. आत या असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि घरी जा असंही. नऊ वर्षांच्या पोराला हुकूम जेवढा कळतो तेवढा आम्ही पाळला. लिंबावर कावळे येऊन बसले. एकानं चड्डीत केली. तिन्हीसांजेला सायकल परत आली. गुरुजींच्या ओठाला जेवणातलं पिठलं लागलेलं होतं. ते आमच्याकडं बघत राहिले, मग म्हणाले, "अरे, जा की रे घरी," आणि त्यांचा आवाज तेव्हा खडूतून नाही आला. दुसऱ्या दिवसापासून कुणालाही बाहेर काढलं की ते कानावर खडू ठेवायचे. कानावर खडू आहे म्हणजे कुणीतरी बाहेर आहे. आत घेतलं की खडू खिशात.

ही गोष्ट मी बऱ्याच जणांना सांगितली आहे. हॉस्टेलला सांगितली, इंटरव्ह्यूत एकदा सांगितली. लोक हसतात, मग गप्प होतात, मग माझ्याकडं जरा आदरानं बघतात. मी ती नेहमी पिठल्यापाशी संपवतो.

चार पंचवीसला पुन्हा फोन.

"सर, दोन मिनिटं ऱ्हायली तुमच्या विसातली," सुकेशनी म्हणाली. "दहा जण गेले ओ. म्हणे दुसरीकडं कुठं बघतो. एकच गुरुजी बसलेत. मी म्हणलं उठा, बँकेत जा, तिथं पण व्हतंय. तर म्हणतेत, थांबतो, आपल्याला घाई न्हाई. गेल्या साली यांचं बोटच जुळलं न्हाई, तर पाच महिने कागदावर मयत व्हते. आपण जिवंत हाव असा अर्ज यांनीच लिवला अन् कारकून म्हणला, सही कुणाची हाय?"

"कुठले गुरुजी?"

"झरीला व्हते म्हणं. आता पोराकडं असतेत इथं. सिताराम गुरुजी."

खाली हरभऱ्याचा सौदा मोडला होता.

"तुमच्या गावचे का?" सुकेशनी म्हणाली. "द्यू का फोन?"

नको म्हणायच्या आत फोन तिकडं गेला होता. आवाज म्हातारा झाला होता, पण खडू तोच होता. "कोण बोलायलंय?"

"मी सिद्धोधन. झरीचा, गुरुजी. भीमनगरचा."

"असं होय." त्यांना आठवलं नाही. "तू बघतोस का हे मशीनचं? छान. येईल म्हणतात वीस मिनिटांत. मी बसलोय निवांत. कुणी बंद केलंय का काय, कळंना."

विसावं मिनिट दोन मिनिटांवर होतं. ते आलं आणि डबा उठला, तर कुणाला काहीच कळणार नव्हतं. वरून पडलं होतं, वरून आलं. आणि नाही उठला, तर मी आज्ञा टाकलीच नव्हती, आणि त्या लोखंडी खुर्चीत एक माणूस निवांत बसून राहणार होता, कुणी उठ म्हणेपर्यंत. माझे दोन्ही पाय गार पडले होते.

"गुरुजी," मी म्हणालो, "मीच बंद केलंय. चुकून. बारा ते तेवीस करायचं होतं, बारा ते चोवीस झालं. कपाटाची किल्ली माझ्याकडं आहे, परभणीत. सुकेशनीला सांगा, कुलूप तोडायचं आणि पिन काढून परत लावायची. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा." आणि फोन तसाच धरून, कशासाठी कोण जाणे, पुढंही बोललो. "आणि ती शिट्टीही मीच वाजवली होती. चौथीत."

"चोवीस नंबर का रे तू?" गुरुजी म्हणाले.

"हो."

"शिट्टी पार शेवटून आली होती. म्हणून तर चोवीसपर्यंत म्हणलो. एकट्या चोवीसला कसं काढावं? रडला असतास."

तेवढ्यात गुरुजी कुणालातरी कुलूप तोडा म्हणत असल्याचं ऐकू आलं, आणि लांबून एक तिसराच आवाज. हा सटवाजी, तिथला शिपाई. "कुलूप कामून तोडायलाव, गुरुजी? म्होरं कुलूप हाय. मागून पत्राच न्हाई त्याला. मी रोज मोबाइल लावतो की तिथंच. थांबा, काढतो."

चार सव्वीस. सटवाजीनं पिन काढली आणि आधी आपल्या मोबाइलची लावली की काय कोण जाणे, पण मग परत डब्याची लावली. त्याबरोबर वीस मिनिटांची आज्ञा, असलीच तर, पुसली गेली. एका मिनिटानं विसावं मिनिट झालं आणि त्यात काहीच घडायचं उरलं नव्हतं. मी ती टाकली होती की नव्हती, हे आता डब्यालाही ठाऊक नाही. चपलांना असेल.

डबा उठायला सहा-सात मिनिटं घेतो. तेवढा वेळ फोन चालूच होता, कुणी बंद केला नाही. खुर्चीचा आवाज. सुकेशनी म्हणत होती, मघाशी मला वरून म्हणले ओ हे सर, वरून. मग कोऱ्या खिडकीत नाव आणि पासवर्ड विचारला गेला, आणि तिकडं मशीन पीप करून वाजलं.

"अंगठा ठिवा, गुरुजी. न्हाई घ्यायलं. दुसरा. न्हाई. तर्जनी ठिवा."

"खडूनं गेलीत बोटं," गुरुजी सांगत होते. "अडोतीस वर्षं."

"मधलं. दाबू नका एवढं. न्हाई. आता डावा हात."

मी बोटं मोजत होतो. सातवं गेलं, आठवं गेलं. चार बेचाळीस. नवव्या बोटाला सुकेशनी काहीच बोलली नाही आणि मला कळलं, की ती पडद्याकडं बघायलीय.

"झालं!" ती म्हणाली. "डाव्या हाताचं करंगळीजवळचं. तेवढ्या बोटानं जिवंत हाव तुमी, गुरुजी. जपा त्याला."

प्रिंटर चालू झाला. मग फोनवर पुन्हा खडू आला. "झालं रे. कागद मिळाला."

"गुरुजी, चुकलं माझं."

"कितीदा सांगशील." ते हसले असावेत, किंवा खोकले. "आम्ही त्या दिवशी तुम्हाला घरी जा म्हणलो. आत या म्हणायचं राहूनच गेलं. चोवीस नंबर, आत या."

फोन बंद झाला. मी आधीच आत होतो, खुर्चीत, पंख्याखाली. तरी उठलो. जाऊन खिडकीखालची डावी चप्पल पायात घातली आणि उजवी शोधत तिथंच उभा राहिलो. फोन ठेवल्यावर दहा मिनिटं मी तसाच उभा होतो, असं केशरबाई नंतर म्हणाल्या. तोपर्यंत सुकेशनीचा मेसेज आला होता, की गेलेल्यांपैकी सात जण स्टँडवरून परत बोलावलेत, चहाचा खर्च तुमच्या नावावर.

पाच वाजून दहा मिनिटांनी हॉल बंद झाल्याचं तिनं कळवलं. रिकामे पोर्ट अजून उघडेच होते, पत्राप्रमाणे बंद करायचे होते. मी टेबलाशी आलो.

"पुसलेल्या फरशीवर चप्पल?" केशरबाई दारातून म्हणाल्या. "काढ ती."

मी काढली. निघालीच होती, म्हणून आधी वीस मिनिटांची आज्ञा टाकली आणि ती उमटलेली बोटानं पडद्यावर दाबून पाहिली. मग रेंज घेतली. बारा ते, असं लिहून थांबलो, एकेक आकडा बघून लिहिला, तेवीस. एंटर दाबलं. एक अक्षर टाइप करून पाहिलं.

उमटलं.